थीम पार्कबद्दलच्या दंतकथा : तुम्ही काय काय खरं मानत आला होतात?

नकाशेवाला (धागाकर्ता)

मंडळी, गेली काही वर्षं थीम पार्कांचा इतिहास वाचतोय. जुने नकाशे, जाहिराती, पेटंटांची चित्रं, मिळेल ते जमवतो. वाचता वाचता एक गोष्ट सारखी खुपायला लागली आहे. या विषयातल्या ज्या गोष्टी सगळ्यात जास्त सांगितल्या जातात, त्याच सगळ्यात कच्च्या आहेत.

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट घ्या. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मुली मेरी-गो-राउंडवर बसल्या आहेत, वॉल्ट डिस्ने बाकावर शेंगदाणे खात बसले आहेत, आणि तिथल्या तिथे त्यांच्या डोक्यात जगातलं पहिलं थीम पार्क जन्माला आलं. बाकाची आठवण त्यांनी स्वतः सांगितलेली आहे, तिच्यावर शंका नाही. पण 'पहिलं' कुठून आलं? डिस्नेलँड उघडलं १७ जुलै १९५५ ला. त्याआधी १९४६ मध्ये अमेरिकेतच, इंडियाना राज्यात, सांताक्लॉज लँड उघडलं होतं. कॅलिफोर्नियातल्याच नॉट्स बेरी फार्म या पार्कचं 'भुताचं गाव' १९४० पासून उभं राहत होतं. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंगचं परीकथांचं रान १९५२ चं. कोपनहेगनचं टिवोली तर १८४३ चं, आणि १९५१ मध्ये डिस्ने स्वतः तिथे जाऊन टिपणं काढून आले होते.

अशा दंतकथांमुळे ज्यांनी खरोखर डोकं लढवलं ती माणसं दिसेनाशी होतात. मला त्याचं वाईट वाटतं. म्हणून हा धागा. तुम्ही काय खरं मानत होतात, आणि ते चूक आहे हे कधी कळलं? इतिहास, रचना, राइड्स, काहीही चालेल.

भोवरा

पहिला नंबर! मी दहावीपर्यंत छातीठोकपणे सांगायचो की वॉल्ट डिस्नेंना बर्फात गोठवून पार्कखाली ठेवलंय.

नकाशेवाला

@भोवरा, हे इतक्या जणांनी मानलंय की तुम्ही एकटे नाही. ते १५ डिसेंबर १९६६ ला गेले, दोन दिवसांनी दहन झालं, आणि अस्थी ग्लेनडेलच्या फॉरेस्ट लॉन स्मशानभूमीत आहेत. माणसाचा देह गोठवून ठेवण्याचा पहिला प्रयोग जानेवारी १९६७ मधला, म्हणजे त्यांच्यानंतर जवळजवळ महिन्याने. तारखा शेजारी शेजारी लिहिल्या की गोष्ट आपोआप गळून पडते.

मोजपट्टी

धाग्याचा विषय आवडला, पण मूळ मुद्द्यालाच माझा विरोध आहे. टिवोली हे थीम पार्क नाही, ती बाग आहे. तिच्यात राइड्स आहेत, संगीत आहे, दिवे आहेत. मागे जायचंच तर कोपनहेगनच्या उत्तरेला बाकेन १५८३ पासून आहे, मग त्यालाच पहिलं म्हणा. व्हिएन्नाचा प्राटर १७६६ मध्ये लोकांसाठी खुला झाला, तोही आणा. करमणुकीची जागा वेगळी आणि थीम पार्क वेगळं. थीम पार्क म्हणजे भिंतीच्या रंगापासून कामगाराच्या टोपीपर्यंत सगळं एकाच गोष्टीला बांधलेलं. आणि एक भाग दुसऱ्या भागात घुसू द्यायचा नाही. हे १९५५ च्या आधी कुणी पूर्ण केलेलं दाखवा.

नकाशेवाला

दाखवतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या करमणुकीच्या किनाऱ्यावरचा लूना पार्क, १९०३. त्याचं नावच तिथल्या 'चंद्राची सफर' या राइडमधल्या यानावरून आलं. ती राइड आधी १९०१ च्या बफेलो प्रदर्शनात होती. तुम्ही पंख हलवणाऱ्या यानात बसता, खाली शहर लहान होत जातं, वादळ लागतं, मग चंद्रावर उतरता. तिथे चंद्रावरचे बुटके रहिवासी हातावर हिरव्या चीजचा तुकडा ठेवतात. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी! गोष्ट, वेशभूषा, प्रकाश, चव, सगळं त्यात होतं. हे 'थीम' नसेल तर काय आहे?

मोजपट्टी

तुम्ही एका राइडबद्दल बोलताय, मी अख्ख्या पार्कबद्दल बोलतेय. चंद्रावरून उतरलं की लूना पार्कात समोर काय होतं? हत्ती, घसरगुंड्या आणि व्हेनिसचे कालवे, सगळं शेजारी शेजारी. डिस्नेलँडभोवती मातीचा उंच बांध घातला तो कशासाठी? आत शिरल्यावर बाहेरचा रस्ता, विजेचे खांब, काहीच दिसू नये म्हणून. आत जायचा दरवाजा एकच, मग एकच मुख्य रस्ता, शेवटी चौक, आणि चौकातून फुटणाऱ्या वाटा. माणूस हरवत नाही, कारण चौकात आलं की समोर किल्ला दिसतो. श्रेय द्यायचं तिथे द्यायलाच हवं.

सांजवात

दोघांचं वाचतेय, मजा येतेय. @मोजपट्टीताई, त्या किल्ल्यावरून एक विचारते. तो फार उंच आहे ना? फोटोत तरी प्रचंड वाटतो.

मोजपट्टी

सांजवात, हीच तर गंमत आहे. कॅलिफोर्नियातला किल्ला जेमतेम २३ मीटर आहे, सात मजली इमारतीएवढा. वरवर जाताना दगड, खिडक्या, मनोरे लहान लहान करत नेलेत. आपला डोळा समजतो की लहान दिसतंय म्हणजे लांब आहे, आणि उंची मनातच वाढवतो. डिस्नेंच्या फ्लोरिडातल्या पार्कातला, मॅजिक किंगडममधला, किल्ला मात्र खरंच उंच आहे, ५७ मीटरच्या पुढे. त्यात वीट एकही नाही. पोलाद, काँक्रीट आणि फायबरग्लास. वादळ आलं की त्याचे कळस काढून ठेवतात असं जे सांगतात, तेही खोटं. ते पक्के बसवलेले आहेत.

आणि एक. कॅलिफोर्नियातला किल्ला 'स्लीपिंग ब्यूटी'चा म्हणून ओळखला जातो, पण तो सिनेमा आला १९५९ मध्ये. किल्ला चार वर्षं आधीच उभा होता.

कुंपणावरून

किल्ल्याचा विषय निघालाच आहे तर भुयारांबद्दल लिहितो. फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडमखाली कामगारांसाठी भुयारं आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. अर्धंच खरं आहे. ते बोगदे आहेत, पण जमिनीखाली नाहीत. तिथे थोडं खणलं की पाणी लागतं. म्हणून बोगदे जमिनीच्या पातळीवर बांधले, शेजारचं मोठं तळं खणताना निघालेली माती त्यांच्या भोवती आणि वर भरली, आणि पार्क त्या सगळ्याच्या माथ्यावर बसवलं. पाहुणे ज्याला जमीन समजून चालतात तो खरं तर वरचा मजला आहे. तळमजला कामगारांचा.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्रभर त्याचाच विचार करत होतो. भुयार खणणं कुणालाही सुचेल. खणता येत नाही म्हणून जमीनच एक मजला वर उचलायची, हे सुचायला वेगळी माणसं लागतात.

भोवरा

म्हणजे लोक 'खाली उतरायला' दार शोधतात आणि ते आधीच वर चढून आलेले असतात! भारी.

तिसरी घंटा

नाटकाच्या नेपथ्यात आयुष्य गेलेला माणूस आहे, त्यामुळे डिस्नेंच्या दोन्ही पार्कांतल्या हॉन्टेड मॅन्शनबद्दल, म्हणजे भुतांच्या वाड्याच्या राइडबद्दल, बोलल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या नाचघरातली भुतं पाहून लोक हमखास म्हणतात, 'होलोग्राम आहे.' अजिबात नाही. ती एक प्रचंड काच आहे. आपण सज्जातून समोरची रिकामी खोली पाहतो. नाचणाऱ्या बाहुल्या असतात आपल्याच सज्जाच्या वर-खाली, अंधारात. त्यांच्यावर उजेड पडला की काचेत प्रतिबिंब उमटतं आणि ते समोरच्या खोलीत तरंगताना दिसतं. उजेड घालवला की भूत गायब. संध्याकाळी खिडकीच्या काचेत घरातला दिवा बाहेरच्या झाडावर टांगलेला दिसतो ना, तेच.

ही युक्ती लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये १८६२ साली रंगमंचावर आली. जगभर तिला 'पेपरचं भूत' म्हणतात, जॉन हेन्री पेपर यांच्या नावावरून. मूळ कल्पना मात्र हेन्री डर्क्स नावाच्या अभियंत्याची. त्यांच्या रचनेसाठी नाट्यगृहच बदलावं लागलं असतं. पेपरनी ती कोणत्याही रंगमंचावर बसेल अशी करून दिली आणि नाव त्यांचं राहिलं. नकाशेवाले, तुमचा दुखरा मुद्दा इथेही आहेच.

त्याच वास्तूतली 'ताणली जाणारी खोली' अजून एक. काही जण पैजेवर सांगतात की ती लिफ्ट आहे, काही जण म्हणतात छत वर जातं. दोघेही बरोबर! कॅलिफोर्नियात ती खरोखर खाली जाते, कारण राइडची मोठी इमारत त्या मातीच्या बांधापलीकडे आहे आणि माणसांना बांधावरच्या रेल्वेरुळांखालून तिकडे न्यायचं असतं. फ्लोरिडात तशी गरज नव्हती, म्हणून जमीन जागेवर राहते आणि छत वर सरकतं. एकीकडे अडचणीतून निघालेली युक्ती, दुसरीकडे ती लोकांना आवडली म्हणून ठेवलेली.

आडवाट

मला रोलर कोस्टरबद्दल विचारायचंय. मागे एकदा (पार्कचं नाव घेत नाही) चढणीच्या अगदी टोकाशी आमची गाडी थांबली. वीसेक मिनिटं आकाशाकडे तोंड करून बसलो होतो. शेजारची बाई रडत होती. तेव्हापासून मी चढलेलो नाही. यंत्र बिघडलं की असं होतं ना? आणि इंजिन मध्येच बंद पडलं तर वळणावर काय होईल?

खटका

आडवाट, या क्षेत्रात काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी इंजिन. गाडीत इंजिन नसतंच. साखळी तुम्हाला पहिल्या चढणीच्या माथ्यावर नेते, पुढचं सगळं उंचीतून मिळालेल्या वेगावर. म्हणून जुन्या पद्धतीच्या कोस्टरमध्ये पहिलीच टेकडी सगळ्यात उंच असते. (जोराने फेकून सोडणारे कोस्टर वेगळे. त्यांना सुरुवातीलाच चुंबकांनी किंवा द्रवदाबाने वेग देतात.) तेव्हा वळणावर बंद पडण्यासारखं काही तिथे नाहीच.

आता थांबण्याबद्दल. रुळाचे भाग पाडलेले असतात. नियम एकच : एका भागात एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी तिचा भाग सोडत नाही तोवर मागचीला आत सोडायचं नाही. पुढे फलाटावर कुणाचा पट्टा अडकला, कुणी उतरायला वेळ लावला, तरी मागची गाडी चढणीवर आपोआप थांबते. तुम्ही वीस मिनिटं अडकलात म्हणजे यंत्रणा आपलं काम करत होती. नेमकं कारण मला इथून सांगता येणार नाही, पण थांबणं हे अपघाताचं पहिलं पाऊल असतं ही समजूत पूर्ण उलटी आहे.

आणि चढताना ती टक-टक-टक ऐकू येते ना? सगळ्यांना वाटतं साखळी वाजतेय. ते गाडीखालचे खटके आहेत. रुळालगत दातेरी पट्टी असते, प्रत्येक दात ओलांडला की खटका मागे पडतो. साखळी तुटली तरी गाडी एक दातही मागे जाऊ शकत नाही. लोकांना ज्या आवाजाने धडकी भरते, तोच आवाज त्यांना धरून ठेवणाऱ्या गोष्टीचा असतो. नव्या कोस्टरमध्ये तो दाबलेला असतो. मला स्वतःला तो हवा असतो.

आडवाट

मनापासून आभार. त्या वीस मिनिटांत हे कुणी सांगितलं असतं तर!

अर्धविराम

@खटका, छान प्रतिसाद. उलट्या गोल फेरीत आपण पट्ट्यामुळे पडत नाही, हीपण चुकीचीच समजूत ना?

खटका

हो. वेग पुरेसा असेल तर रूळच तुम्हाला आसनात दाबत असतो. पण त्याहून मोठी चूक म्हणजे ती फेरी गोल असते असं समजणं. नीट पाहा, ती उलट्या थेंबासारखी असते. पूर्ण वर्तुळाचं गणित करा : माथ्यावर जेमतेम टिकेल एवढाच वेग ठेवला तरी तळाशी शरीराला वजनाच्या सहापट दाब बसतो, आणि तोही एकदम. १८९५ मध्ये कोनी आयलंडच्या सी लायन पार्कात 'फ्लिप फ्लॅप' नावाची अशी वर्तुळाकार फेरी होती. लोकांच्या माना आखडायच्या. थेंबाच्या आकारात तळाशी वळण पसरट असतं आणि माथ्यावर आवळलेलं, त्यामुळे दाब हळूहळू चढतो. १९७६ च्या 'रेव्होल्युशन' या अमेरिकन कोस्टरमध्ये हा आकार बसला आणि उभी फेरी पुन्हा लोकांसमोर आली. त्यामागे अँटोन श्वार्झकोफ आणि वेर्नर श्टेंगल ही दोन जर्मन नावं आहेत. किती जणांनी ऐकलीत?

सांजवात

मी नव्हती ऐकली. लिहून ठेवली.

भोवरा

रोलर कोस्टर अमेरिकेचा शोध की रशियाचा? आमच्यात यावरून एकदा जोरदार भांडण झालंय.

नकाशेवाला

भांडण भाषांमध्येही आहे! फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन लोक त्याला 'रशियन डोंगर' म्हणतात आणि रशियन लोक म्हणतात 'अमेरिकन टेकड्या'. मूळ सेंट पीटर्सबर्गच्या, बर्फ चढवलेल्या लाकडी घसरगुंड्यांत आहे. १८१७ मध्ये पॅरिसला चाकांच्या गाड्या खोबणीतून धावू लागल्या. अमेरिकेत लामार्कस थॉम्पसननी १८८४ मध्ये कोनी आयलंडवर पाच सेंटांत फेरी सुरू केली, वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. त्यांना 'जनक' म्हणतात. पण पेनसिल्व्हेनियात मॉक चंकला कोळशाची उताराची रेल्वे १८२७ पासून होती, आणि लोक पैसे देऊन तिच्यात बसायचे. कुणी एकाने शोध लावला असं म्हणता येईल अशी गोष्टच नाही ही.

कुंपणावरून

आकाशपाळण्याचंही तेच. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात फेरिस यांनी ८० मीटर उंचीचं चक्र उभं केलं, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं. अभियांत्रिकी म्हणून थोरच. पण माणसांना बसवून फिरवणारी लाकडी चक्रं १६२० मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने बल्गेरियात पाहून लिहून ठेवली आहेत.

रांगेतला

रांगांबद्दल कुणीच बोललं नाही? आपलं अर्धं आयुष्य तिथेच जातं. जलद रांगेमुळे सगळ्यांचा वेळ वाचतो ही समजूत माझी खास नावडती. राइड तासाला समजा १२०० माणसं नेते. त्यातली ८०० जलद रांगेतून आली तर साध्या रांगेला उरल्या ४०० जागा. साध्या रांगेत ४०० माणसं असतील तर शेवटच्याचा एक तास गेला, जलद रांग नसती तर वीस मिनिटांत आटोपलं असतं. एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या खात्यातून वळता होतो.

मोजपट्टी

रांगेतले, गणित बरोबर, पण निष्कर्ष पुरता नाही. जलद रांगेतल्यालाही ठरलेल्या वेळेपर्यंत थांबावंच लागतं, फक्त तेवढ्यात तो दुसरीकडे फिरतो. आणि खरं उत्तर मुळात राइड किती माणसं नेते त्यात आहे. डिस्नेलँडमधली 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही राइड आधी चालत बघायचं मेणाच्या पुतळ्यांचं दालन होणार होतं. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात डिस्नेंच्याच 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' या राइडच्या होड्या दिवसभर न थांबता माणसं वाहताना दिसल्या आणि बेत बदलला. १९६७ मध्ये राइड उघडली ती होड्यांची.

सांजवात

थोडं अवांतर होईल, पण ही गोष्ट इथे यावी असं फार वाटतंय. करमणुकीच्या पार्कांत फक्त करमणूक होती हा माझा समज होता. कोनी आयलंडवर १९०३ पासून चाळीस वर्षं मार्टिन कूनी नावाचे गृहस्थ अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या उबदार पेट्यांत ठेवून लोकांना दाखवत. वाचून आधी अंगावर काटा आला. बाळांचं प्रदर्शन! मग पुढे वाचलं. त्या काळात बहुतेक रुग्णालयांत अशा पेट्याच नव्हत्या. आईवडिलांकडून ते एक पैसा घेत नसत. बघायला येणाऱ्यांच्या पंचवीस-पंचवीस सेंटांवर परिचारिका, दूध, सगळा खर्च चाले. वैद्यकीची रीतसर पदवी त्यांच्याकडे होती का यावर अभ्यासकांना शंका आहे. पण हजारो मुलं जगली. त्यातली काही म्हातारी होऊन ती हकिगत सांगत होती.

अर्धविराम

हे माहीतच नव्हतं. दोनदा वाचलं.

तिसरी घंटा

निःशब्द.

मोजपट्टी

यानंतर वाद पुढे नेणं जिवावर आलंय, पण नकाशेवाले, तुम्हाला एक द्यायचं राहिलं. डिस्नेलँड 'एकट्याने' बांधलं हे मीही मानत नाही. एबीसी वाहिनीने पाच लाख डॉलर घातले, कर्जाला जामीन राहिली आणि सुमारे एक तृतीयांश हिस्सा घेतला. तो पैसा नसता तर बांध, चौक, किल्ला, सगळं कागदावरच राहिलं असतं. राइड्सची यंत्रं ॲरो डेव्हलपमेंट या छोट्या कारखान्याने घडवली. डिस्नेलँडमधल्या मॅटरहॉर्न या कोस्टरचा १९५९ चा पोलादी नळ्यांचा रूळ, जो आज जगभर दिसतो, तो त्यांच्यातल्या कार्ल बेकन आणि एड मॉर्गन यांचा.

नकाशेवाला

ताई, मग मीही अर्ध्या वाटेवर येतो. सगळे तुकडे आधी होते, पण बांधाच्या आत एकत्र शिवले गेले ते १९५५ मध्ये, हे मान्य. मूळ लेखात तशी दुरुस्ती करतो.

शिवणाऱ्यांत अजून एक नाव जोडा : सी. व्ही. वुड. जागा आणि खर्चाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेतून आले, डिस्नेलँडचा बांधकामाचा गाडा हाकला, आणि १९५६ च्या सुरुवातीला त्यांना काढलं. पुढे अधिकृत इतिहासात त्यांचं नाव जवळजवळ उरलंच नाही. त्यांनी नंतर न्यूयॉर्कमध्ये फ्रीडमलँड काढलं, ते १९६० ते १९६४ एवढंच चाललं. लंडन ब्रिजचे दगड ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन पूल पुन्हा उभा करण्याच्या उद्योगातही हाच माणूस होता.

भोवरा

या माणसावर वेगळा धागा काढा. हात जोडून विनंती.

आडवाट

धागा वर आणतोय. काल गेलो होतो. खटका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे चढताना डोळे मिटून टक-टक मोजत बसलो. बासष्टपर्यंत मोजली, मग माथा आला आणि मोजणं सुटलं. दुसऱ्या फेरीला शेवटच्या डब्यात बसलो. तिथे माथ्यावरून खाली ओढल्यासारखं का होतं?

खटका

कारण तुम्ही माथ्यावर पोचेपर्यंत पुढचे डबे उतारावर वेग घेऊन मोकळे झालेले असतात. तिसऱ्यांदा पहिल्या डब्यात बसा, फरक कळेल.